पाटीवर नाव कोरायच्या आधी

आमच्या तालुक्याच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर पोरांसाठी अभ्यासिका, आणि मी तिथला खजिनदार. खजिनदार म्हणजे बाकीची कार्यकारिणी चहा पिऊन घरी गेली की पावतीबुकं उघडून बसणारा माणूस. तर काही वर्षांपूर्वी गावातल्या एका रिटायर्ड बाईंनी, म्हणजे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ज्यांनी पाढे शिकवले त्या बाईंनी, मिस्टरांच्या स्मरणार्थ अभ्यासिकेला मोठी रक्कम दिली. आम्ही इतके खूश की दुसऱ्याच दिवशी संगमरवरी पाटी करायला टाकली, मजकूर फोनवर सांगितला, आणि कुणीही कागदावर लिहून बाईंना दाखवला नाही. उद्घाटनाला पाहुण्यांनी पडदा ओढला. वर मिस्टरांचं नाव, कै. लावून, बरोबर. खाली देणगीदार म्हणून बाईंचं नाव, आणि त्यालाही कै. लावलेलं. बाई पहिल्या रांगेत बसलेल्या. हॉलमध्ये एकदम शांतता आणि बाई म्हणाल्या, "अरे, जरा दम धरा की रे."

सगळे हसले, आमचे अध्यक्ष सोडून. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून पाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर लटकवला आणि कार्यक्रम पुढे रेटला.

तेव्हापासून आसपासचे मंडळवाले, शाळावाले, एखादा दवाखाना चालवणारा ट्रस्ट, कुणाला मोठी देणगी मिळाली की मला फोन येतो, पाटी कशी करू, काय लिहू, किती रुपयांच्या वर नाव द्यायचं. लोकांना वाटतं देणगीदाराचा मान म्हणजे शाल-श्रीफळ आणि ग्रॅनाइटची पाटी, संपला विषय. पण त्यात इन्कम टॅक्स येतो, जीएसटी येतो, धर्मादाय आयुक्त येतात, गावातले रुसवे-फुगवे येतात, आणि शिवाय पन्नास वर्षांनी ही पाटी असलेली भिंत पाडायची वेळ आली तर काय, हेही येतं. माझं म्हणणं एकच, पाटी सगळ्यात शेवटी. आधी कागद. कागद नीट असला की पाटी आपोआप नीट होते, आणि कागद गंडला की कितीही महागाचा दगड आणा, उपयोग नाही.

पहिला कागद म्हणजे पावती. ऐकायला फालतू वाटतं पण खरं सांगतो, देणगीदाराचा पहिला अपमान पावतीतच होतो. आडनाव चुकलेलं, पॅन घेतलेलाच नाही, पैसे कशासाठी दिले त्या रकान्यात नुसतं "देणगी". हे पॅनचं का महत्त्वाचं ते सांगतो. ट्रस्टकडे आयकर खात्याची ८०जी मान्यता असेल तर देणाऱ्याला करात सूट मिळते. पूर्वी पावती दाखवली की काम व्हायचं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तसं नाही, ट्रस्टने स्वतः वर्षभराच्या देणगीदारांची यादी पॅनसकट आयकर खात्याला ऑनलाइन भरायची, पुढच्या ३१ मेपर्यंत, आणि मग प्रत्येकाला सर्टिफिकेट काढून द्यायचं. त्या यादीला आपण १०बीडी म्हणत आलो आणि सर्टिफिकेटला १०बीई. तुम्ही यादी भरली नाही किंवा पॅनमध्ये एक अक्षर चुकवलं तर तिकडे देणगीदाराच्या रिटर्नमध्ये सूट अडकते आणि तुम्हाला उशिराचे दिवसाला २०० रुपये बसतात ते वेगळेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदलले, त्यामुळे फॉर्म भरताना सीएला विचारूनच भरा, पण बोलताना लोक अजून ८०जीच म्हणतात म्हणून मीही तेच म्हणतोय.

आणि सूट म्हणजे नेमकी किती, यावरून हमखास गैरसमज. "लाख दिले तर लाख वाचतात ना?" नाही हो. आपल्यासारख्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नाही. आणि त्यावरही टोपी आहे, इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशोबात धरतात. समजा एखाद्याचं असं उत्पन्न ८ लाख आहे आणि त्याने १ लाख दिले. १० टक्के म्हणजे ८० हजार, तेवढेच धरले, त्याचे निम्मे ४० हजार, हे ४० हजार उत्पन्नातून कमी झाले. त्याच्यावर जो काय टक्का कर लागत असेल तेवढाच वाचला. रोख २,००० च्या वर दिले तर त्या देणगीला सूट नाही. आणि नवी कर प्रणाली घेतली असेल तर ही सूट मिळतच नाही. हे आधीच सांगून टाका. "टॅक्समध्ये सगळं बसतं" असं सांगून पैसे आणणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक संस्थेत एक असतोच, त्याला आवरा, कारण जुलैमध्ये रिटर्न भरताना देणगीदाराला खरं कळतं आणि मग तुमची पाटी त्याला टोचायला लागते.

दुसरा कागद म्हणजे देणगीदाराचं पत्र, आणि इथे जरा थांबतो कारण सगळी गंमत इथे आहे. पैसे तीन तऱ्हेने येतात. एक, नुसते, वापरा तुमच्या कामाला. दोन, ठरावीक कामासाठी, म्हणजे छत करा, खुर्च्या घ्या. तीन, कायम निधी, ज्याला सीए लोक कॉर्पस म्हणतात, म्हणजे मुद्दल तसंच ठेवा आणि व्याजावर काम करा. कॉर्पस म्हणून घ्यायचं असेल तर तशी देणगीदाराची स्पष्ट सूचना लागते, ती लेखीच घ्या, आणि तो पैसा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच, फक्त त्या निधीच्या नावाने वेगळा गुंतवावा लागतो. आपण आपल्या मनाने "हे कायम निधीत टाकू" म्हणून चालत नाही.

ही कायम निधीची कल्पना कुणी साहेबाने आणली असं वाटत असेल तर नाशिकला पांडवलेणीत जाऊन या. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने भिक्षूंना लेणं दिलं आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले, लेखात शब्दच "अक्षयनिवी" असा आहे. ते पैसे कुठे ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे, त्या वेळच्या पतसंस्थाच म्हणा. २,००० एका श्रेणीकडे महिना १ टक्का व्याजाने आणि १,००० दुसरीकडे महिना पाऊण टक्क्याने, आणि स्पष्ट लिहिलंय की मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज होतं २४०. आणि खर्च काय सांगितलाय, तर पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस! हिशोब पैशापर्यंत जुळतो. आमच्या ऑडिटरला दाखवला तर म्हणाला, ह्यांचा अकाउंटंट मला द्या.

आणि पुढे अजून भारी आहे. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि "फलकवार"मध्ये नोंदवलं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे आधी सभेत जाहीर, मग दप्तरी नोंद, आणि ती झाल्यावर दगडात कोरणं. बघा, पाटी सगळ्यात शेवटी हे माझं डोकं नाही, जुनी पद्धत आहे. (त्याच दानात नारळाची ८,००० झाडंही आहेत. आपण देणगीदाराला एक श्रीफळ देतो, ह्या माणसाने स्वतःच बाग देऊन टाकली.)

कार्ल्याचं चैत्यगृह तर अख्खं देणगीदारांच्या पाट्यांचं म्युझियम आहे. लोक एकवीरेला जातात, लेण्यात शिरतात, वर लाकडी कमानी बघतात आणि निघतात, खांबावरची अक्षरं कुणी बघत नाही. एका सेठने, वैजयंती नगरीच्या भूतपालने, हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पूर्ण केलं असा मोठा लेख आहे, म्हणजे मेन स्पॉन्सर. पण आत खांबाखांबावर वेगवेगळी नावं. धेनुकाकट नावाच्या गावचे बरेच लोक, त्यातले काही यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे. दारावर एका गंध्याचं, सुगंधी वस्तू विकणाऱ्याचं नाव आहे, सिंहदत्त, दार त्याचं दान. आणि दार ज्याने बनवलं त्या सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे! मजकूर केवढासा, गाव, नाव, "थभो दानं", खांब दान दिला, बस. किती पैसे दिले ते नाही, फोटो नाही, "यांच्या शुभहस्ते" नाही. दोन हजार वर्षं टिकलेली पाटी अशी असते आणि आपल्याकडे उद्घाटकाचं नाव देणगीदाराच्या तिप्पट मोठं.

बरं, कायम निधीत एक खड्डा आहे तो सांगायलाच हवा. प्रत्येक शाळेत स्मृती-पारितोषिकं असतात, कुणीतरी १९८५ साली ५,००० रुपये ठेव दिली, दहावीत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला व्याजातून बक्षीस. तेव्हा व्याजात चांगली चार पुस्तकं यायची. आज ७ टक्क्यांनी ५,००० चं व्याज ३५० रुपये होतं. पोराच्या हातात ३५० रुपयांचं पाकीट आणि माइकवर दीड मिनिट देणगीदाराचं नाव, दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आणि मुद्दलाला हात लावता येत नाही कारण पत्रात तसं लिहिलेलं. म्हणून आता आम्ही पत्रातच एक वाक्य घालून घेतो, की व्याज अपुरं पडलं तर संस्था असे दोन-तीन निधी मिळून एक बक्षीस देऊ शकेल किंवा त्याच प्रकारच्या दुसऱ्या कामाला व्याज वापरू शकेल. देणगीदार हयात असताना हे वाक्य घालायला दोन मिनिटं लागतात. तो गेल्यावर, वारसांना शोधून किंवा मूळ हेतू बदलायला धर्मादाय आयुक्तांकडे जाऊन, वर्षं लागतात.

आता नावाचं बोलू. नाव कशाला द्यायचं आणि किती दिवस. आपल्याकडची मोठी उदाहरणं बघितली तर एक गोष्ट दिसते, खूप मोठ्या देणगीदारांनी स्वतःचं नाव लावलेलंच नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, मधल्या काळात, १८६५ साली, कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटून प्रेमचंद स्वतः बुडाले होते, पण दिलेलं नाव राहिलं. एसएनडीटी म्हणतो आपण, अण्णा कर्व्यांचं महिला विद्यापीठ, तिथे सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख देऊ केले आणि नाव आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. उलट पुण्याचं फर्ग्युसन बघा, गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १,२०० रुपये दिलेले. त्या वेळीही ती रक्कम काही अख्खं कॉलेज बांधायची नव्हती, पण गव्हर्नर साहेबांचं नाव संस्थेला उपयोगी होतं. म्हणजे नाव कधी पैशाला दिलं जातं, कधी वजनाला, आणि यात पाप काही नाही, फक्त आपण काय करतोय हे आपल्याला माहीत पाहिजे. आणि सातारकडचे लोक कर्मवीर भाऊरावांचा किस्सा सांगतात की महाराजा सयाजीराव हायस्कूलचं नाव बदलायच्या अटीवर कुणी मोठी देणगी देऊ केली तर त्यांनी साफ नकार दिला. एकदा दिलेलं नाव विकायचं नाही.

म्हणून तिसरा कागद, करार. घाबरू नका, एक पान पुरे. नाव नेमकं कशाला, इमारतीला, खोलीला, की कपाटाला. मजकूर अक्षरशः काय, वेलांटीसकट, आणि खाली देणगीदाराची सही (ही आमची कै.वाली शिकवण). पैसे हप्त्याने येणार असतील तर पाटी शेवटच्या हप्त्यानंतर. नाव किती काळ, "इमारत उभी आहे तोपर्यंत" असं लिहा, "आचंद्रसूर्य" लिहू नका, कारण इमारत एक दिवस पाडावी लागते. नवीन बांधली तर जुन्या देणगीदारांची नावं एका एकत्र फलकावर येतील, असं लिहा. आणि देणगीदाराचं पुढे काही लफडं निघालं, लोकांचे पैसे बुडवले वगैरे, तर नाव काढायचा अधिकार संस्थेला, हेही. हे शेवटचं कलम समोरच्याला दाखवताना जीभ चाचरते खरी. मी म्हणतो, हे सगळ्यांनाच आहे हो काका, छापील फॉर्म आहे. छापील म्हटलं की माणसं सही करतात.

करार कार्यकारिणीत ठराव करून मंजूर करा आणि इतिवृत्तात लिहा. कुणी जागा दिली, खोली दिली, तर नुसत्या पत्राने होत नाही, बक्षीसपत्र रजिस्टर लागतं आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो ९० दिवसांत टाकावा लागतो. आणि लक्षात असू दे, ट्रस्टची जमीन-इमारत पुढे विकायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. त्यामुळे "गरज पडली तर विकून टाका" असं तोंडी म्हणणाऱ्या देणगीदाराला हे सांगा.

आता पाटीवरच्या शब्दांकडे. आपल्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर "सप्रेम भेट" आणि अख्खं खानदान लिहिलेलं असतं, ट्यूबलाइटवर इतकं लिहितात की उजेडच पडत नाही, हे आपण हसून सोडतो. पण संस्था जीएसटीत येत असेल तर हे शब्द पैशाचे आहेत. ११ ऑक्टोबर २०१९ चं केंद्राचं एक परिपत्रक आहे, त्यात उदाहरणंच दिलीत. योग संस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली राजेश यांच्याकडून शुभेच्छा असं लिहिलं, किंवा देवळातल्या खोलीच्या दारावर मालती देवींनी वडिलांच्या स्मरणार्थ दिलं असं लिहिलं, तर ती कृतज्ञता आहे, जाहिरात नाही, जीएसटी नाही. अट अशी की पैसा खरंच देणगी म्हणून आलेला हवा, हेतू धंद्याचा नको आणि नावातून धंद्याची जाहिरात व्हायला नको. म्हणजे "अमुक शेठ यांजकडून, आईच्या स्मरणार्थ" चालेल. पण "अमुक ज्वेलर्स, मेन रोड, हॉलमार्क दागिन्यांचं विश्वासू दालन" आणि खाली मोबाइल नंबर, ही झाली जाहिरात, तुम्ही भिंत भाड्याने दिलीत असं सरकार म्हणणार. आमच्याकडे एकांना लोगो टाकायचाच होता. शेवटी पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव टाकलं आणि लोगो वार्षिक स्मरणिकेत, रीतसर जाहिरातीचं बिल करून. दोन वेगळ्या पावत्या. तेही खूश, सीएही खूश.

कंपन्यांच्या सीएसआर पैशाचं, म्हणजे समाजकामासाठी त्या जो खर्च करतात त्याचं, तेच. स्वतःच्या मालाचा खप वाढवायला केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यामुळे कंपनीचं नाव कृतज्ञतेपुरतं. आणि ते पैसे घ्यायला ट्रस्टची वेगळी सीएसआर-१ नोंदणी लागते.

मग येतं गुप्तदान. हा माझा आवडता विषय आहे कारण इथे आपली परंपरा आणि कायदा एकमेकांकडे जरा संशयाने बघतात. आपल्याकडे उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. इन्कम टॅक्स म्हणतो, कळू दे, निदान रजिस्टरला तरी. देणाऱ्याचं नाव-पत्ता ट्रस्टकडे नोंदलेलंच नसेल तर ती निनावी देणगी, आणि मर्यादेच्या वर गेली की तिच्यावर सरळ ३० टक्के कर, तोही ट्रस्टने भरायचा. मर्यादा म्हणजे वर्षाच्या एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल ते. समजा वर्षाला २० लाख देणगी आली, त्यातले ३ लाख निनावी. ५ टक्के म्हणजे १ लाख, तेवढे सुटले, उरलेल्या २ लाखांवर ६० हजार कर. पूर्णपणे धार्मिक ट्रस्टला हे लागत नाही, म्हणून देवळाच्या हुंडीचं वेगळं आणि आपल्या वाचनालयाचं वेगळं.

पण यातून वाट अगदी सोपी आहे आणि ती बऱ्याच जणांना सुचत नाही. गुप्त म्हणजे भिंतीवर गुप्त, वहीत नाही. नाव, पत्ता, पॅन सगळं घ्या, पावती फाडा, सर्टिफिकेट द्या, आणि पाटीवर "एक हितचिंतक" लिहा. आमच्याकडे असे एक हितचिंतक आहेत, दर वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास चेक येतो. अध्यक्ष आणि मी सोडून कुणाला माहीत नाही, अध्यक्षांच्या मिसेसना पण नाही, आणि त्या फार चिडतात यावरून. आमचा नियम असा की "नाव जाहीर करावे / करू नये" अशी खूण पावतीवरच करून घ्यायची. कारण उलटंही होतं, आपण उत्साहाने व्हॉट्सअॅपवर फोटोसकट आभार टाकतो आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या दारात अजून सहा मंडळं वर्गणीला उभी, वर सख्खा भाऊ विचारतो, वाचनालयाला द्यायला आहेत, माझ्या पोराच्या फीला नव्हते?

परदेशातल्या गाववाल्यांचं थोडक्यात. भाचा अमेरिकेत असेल पण पासपोर्ट भारताचा असेल तर त्याने बँकेतून पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी, त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. "आईच्या खात्यात टाकतो, ती देईल" ही आयडिया प्रत्येक जण सुचवतो आणि प्रत्येकाला मी नाहीच म्हणतो.

हे सगळं झाल्यावर शाल-श्रीफळ. खरं सांगू का, शाल कुणालाच नको असते. मोठे देणगीदार ज्यांच्याकडे आधीच कपाटभर शाली आहेत त्यांना हवं असतं की पैशाचं काय झालं ते कुणीतरी सांगावं. आम्ही आता वर्षातून एकदा एक पान पाठवतो, तुमच्या पैशातून काय आलं, किती खर्च झाला, किती शिल्लक, एक फोटो. यात वाईट बातमी पण लिहितो. एका वर्षी इन्व्हर्टर घेतला आणि तीन महिन्यांत बंद पडला, लिहिलं तसं. देणगीदाराने स्वतःचा इलेक्ट्रिशियन पाठवला! नुसतं "आपल्या उदार सहकार्याबद्दल" लिहिलं असतं तर त्यांनी पत्र न उघडता रद्दीत टाकलं असतं.

आणि आमदार निधीतून, नगरपालिकेच्या पैशातून काही झालं तर तिथे ज्याच्या प्रयत्नाने झालं त्याचं नाव येतंच, येऊ दे, पण तो फलक देणगीदारांच्या भिंतीवर लावू नका. तो पैसा आपलाच आहे, कराचा. एकाच भिंतीवर दोन्ही लावले की ज्या बाईंनी पेन्शनमधून दिले त्यांचं देणं आणि सरकारी मंजुरी यात फरकच दिसत नाही.

किती रुपयांच्या वर नाव लावायचं, या प्रश्नावर आमच्याकडे तीन मीटिंगा झाल्या आणि दोघांनी राजीनामे दिले, एकाने परत घेतला. शेवटी ठरलं, मोठ्या देणगीदारांची पाटी त्या-त्या खोलीला, आणि जिन्यात एक फळा, ज्यावर त्या वर्षी देणारा प्रत्येक जण, ५० रुपयेवाला पण, आडनावाच्या अकारविल्हे, रक्कम न लिहिता. ज्यांनी जास्त दिले त्यातले दोघं कुरकुरले. मी त्यांना कार्ल्याचे फोटो दाखवले. एक पटले.

हा फळा लावायला जिन्याखालची अडगळ काढली तेव्हा जुन्या कपाटामागे एक पत्र्याची पाटी सापडली, ऑइलपेंटने रंगवलेली, वर "वाचनालयाच्या इमारतीस साह्य करणारे", साल १९५४. रु. ५१, रु. २५, रु. ११, आणि सगळ्यात खाली, रंग उडालेला, "समस्त हमाल बांधव, रु. ७". रंगकाम करताना कुणीतरी कधीतरी उतरवली आणि परत लावायची राहिली, कुणी आणि कधी ते इतिवृत्तात नाही, कारण अशा गोष्टी कुणी इतिवृत्तात लिहीत नाही. बाई तेव्हा नेमक्या अभ्यासिकेत आलेल्या, त्या दर गुरुवारी येतात, मिस्टरांच्या खोलीतले पंखे चालू आहेत का बघतात आणि पोरांना दोन प्रश्न विचारून जातात. त्यांनी चष्मा पुसून पूर्ण यादी मोठ्याने वाचली, हजेरी घेतल्यासारखी. मग विचारलं, ह्यातल्या कुणाला कै. लावायचं राहिलंय का रे? पाटी आता पाण्याच्या कूलरच्या वर आहे. कै. लावलेलं नाही.